३८ किलो पेपर आणि पाटी नसलेला मेस्त

गेल्या महिन्यात पर्येच्या एका वर्गणीदाराने मला फाटकातच थांबवलं. म्हणाले, "काय हो, हल्ली पेपर कोरडा मिळतो. गाडी बदलली की काय?" गाडी तीच आहे, कॅरिअर बदललं. ज्या मेस्ताने, म्हणजे वेल्डिंग करणाऱ्या कारागिराने, ते बनवून दिलं त्याच्याबद्दल लिहायचं मनात होतंच. त्यात गेल्या पंधरा दिवसांत दोन दूधवाले आणि एक फुलवाला "हे कुठं करून घेतलंस?" म्हणून विचारून गेले, तेव्हा म्हटलं एकदाच लिहून टाकावं.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी गोव्यात, साखळी गावात पेपर टाकतो. तेवीस वर्षं झाली. पहिली नऊ वर्षं सायकल, मग एक जुनी मोपेड, आता अ‍ॅक्टिव्हा. शेजारच्या सत्तरी तालुक्यात होंडा नावाचं गाव आहे. त्यामुळे "होंडा घेऊन गेलास का होंड्याला?" हा विनोद मी आठवड्यातून दोनदा ऐकतो आणि दोन्ही वेळा हसतो, कारण विचारणारे वर्गणीदार असतात. पहाटे चारच्या आत साखळीच्या बसस्टँडवर गठ्ठे पडतात. 'गोमंतक', 'नवप्रभा', 'तरुण भारत', 'पुढारी', 'लोकमत', शिवाय इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी 'नवहिंद टाइम्स' आणि 'हेराल्ड'. सगळे मिळून माझ्याकडे ३८० च्या आसपास अंक. रोजचं वजन २६-२७ किलो. रविवारी पुरवण्या आल्या की ३८.

३८ किलो म्हणजे काही फार नाही. स्कूटरवर मागे माणूस बसतो तो ३८ किलोचा थोडाच असतो? मीही तसंच समजत होतो.

जुनं कॅरिअर मी बाजारातल्या एका दुकानातून तयार घेतलं होतं. सीटच्या मागे, टेललाइटच्याही बाहेर जाणारी लोखंडी जाळी. दिसायला ऐसपैस, गठ्ठे एकावर एक रचले की माझ्या खांद्यापर्यंत यायचे. पायाकडची जागा मोकळी राहायची म्हणून मी खूशही होतो. फक्त हँडल हलकं लागायचं. कसं सांगू, पावसात डबक्यावरून जाताना क्षणभर लागतं ना, तसं ते कोरड्या रस्त्यावरही लागायचं. चढाला गिअरची भानगड नाही, मूठ पिळली की गाडी निघते, पण निघताना पुढचं चाक कुठं जायचं ते स्वतःच ठरवतंय असं वाटायचं. आणि मी ते सगळं टायरवर ढकलत होतो. दोन वेळा टायर बदलला. एकदा हँडलचे बेअरिंग बदलून घेतले. मेकॅनिकने बेअरिंग काढून दाखवले, त्यांना काहीच झालं नव्हतं. पैसे मात्र झाले.

मग गेल्या वर्षीचा ऑगस्ट, रविवार. मोर्लेच्या पुढे एक वळण आहे, चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून. तिथं रस्त्याच्या कडेची तांबडी माती पावसाने डांबरावर येते. मी पंधराच्या वेगात असेन, जास्त नाही. वळणातून बाहेर पडताना थोडी मूठ दिली, आणि पुढचं चाक सरळ गेलं. हँडल डावीकडे वळलेलं, चाकही वळलेलं, गाडी मात्र सरळ गडग्याकडे. पडलो. मला गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ४६ अंक तांबड्या पाण्यात गेले. त्या रविवारी केरीच्या निम्म्या घरांना मी दुपारी पेपर दिला, तोही साखळीच्या दुकानदारांकडून उसने मागून आणलेला.

त्यानंतर टिपरच्या, म्हणजे खाणीचा माल वाहणाऱ्या ट्रकच्या, एका ड्रायव्हरने मला या मेस्ताकडे पाठवलं.

दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण दुकानाला नाव नाही. पाटीही नाही. डिचोलीहून साखळीला येताना डाव्या हाताला निळ्या पत्र्याची एक शेड लागते, बाहेर गंजलेल्या ग्रिल टेकवून ठेवलेल्या असतात आणि एका जुन्या टिपरची मागची फाळकी झाडाला बांधलेली आहे. तीच पाटी समजा. सापडलं नाही तर कुठल्याही टिपरवाल्याला विचारा. साठीचा माणूस, आडवा, चष्मा दोरीने गळ्यात. पूर्वी खाणींच्या टिपरची बॉडी बनवायचा. २०१२ साली खाणी बंद पडल्या तशी ती कामं गेली. मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा थांबल्या. तेव्हापासून फाटकं, ग्रिल, पाण्याच्या टाकीचे स्टँड आणि आमच्यासारख्यांची कॅरिअर. स्कूटरवरचं त्याचं काम मला तरी टिपरवरूनच आलेलं दिसलं, आणि हीच त्याची खासियत आहे.

पहिल्या भेटीत त्याने माझं कॅरिअर बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "वजन घेऊन ये." मी दुसऱ्या दिवशी ३८ किलो रद्दी मोजून, रोजच्यासारखीच बांधून घेऊन गेलो. त्याने गाडी मधल्या स्टँडवर लावायला सांगितली. मग गठ्ठ्यांवर नुसता तळहात ठेवून थोडा भार दिला. पुढचं चाक जमिनीवरून उचललं. त्याच्या पोऱ्याने ते पायाने ढकललं, तर गरगर फिरायला लागलं. मेस्त म्हणाला, "हें चाक तुजें न्हय, वाऱ्याचें." आणि मग, जे मी आता सगळ्यांना सांगत फिरतो ते: "वजन फाटीं नाका, मदीं जाय." म्हणजे वजन मागे नको, मध्ये हवं.

ते कोंकणीत ऐकायला सोपं वाटतं. मी वादही घातला. म्हटलं, मागे माणूस बसतो तेव्हा? तर त्याने खडू घेतला आणि जमिनीवर दोन चाकं काढली. माणूस बसतो तो मागच्या चाकाच्या आसाच्या थोडा पुढे, फार तर बरोबर वर. माझं कॅरिअर होतं आसाच्या वीतभर मागे. आसाच्या पुढे ठेवलेला प्रत्येक किलो थोडा पुढच्या चाकाला मिळतो. आसाच्या मागे ठेवलेला किलो पुढच्या चाकाला काही देत नाहीच, उलट त्याच्याकडचं काढून घेतो. टिपरमध्ये माल मागच्या फाळक्याकडे जास्त भरला की स्टिअरिंग हलकं होतं आणि चढाला ड्रायव्हर घाबरतो, म्हणून बॉडी बनवतानाच मालाचा मध्य मागच्या आसाच्या पुढे येईल अशी ती बसवायची. हे सगळं त्याने चार वाक्यांत सांगितलं आणि चहा मागवला.

मला आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. घरी रद्दीचा फ्लॅट काटा आहे, १५० किलोचा. पुढचं चाक त्यावर चढवलं. काटा चार बोटं उंच, तेव्हा मागच्या चाकाखाली तेवढ्याच जाडीची फळी घातली. गाडी उताराला उभी राहिली तर आकडा खोटा येतो, हे मी एकदा खोटा आकडा घेतल्यावर शिकलो. मी वर बसलो, दोन्ही पाय आत, एक बोट भिंतीला. मुलाने आकडा वाचला. बायको बाजूला उभी राहून म्हणत होती की भटजीला बोलावून तुलाच करून घ्या एकदाची.

नुसता मी बसलो तर पुढच्या चाकावर ६२ किलो. ३८ किलो जुन्या कॅरिअरवर रचले तर ५३. ओझं वाढलं आणि पुढच्या चाकावरचं वजन नऊ किलोंनी घटलं. मुलाने दोनदा वाचलं, मग मी उतरून त्याला बसवून स्वतः वाचलं, त्याचं वजन कमी म्हणून तो आकडा आणखी खाली. मागचं चाक काट्यावर घालायचं धाडस केलं नाही. मी, गाडी आणि पेपर मिळून २१० च्या वर जातो, त्यातले ५३ पुढे म्हणजे उरलेले दीडशेच्या वर सगळे मागे. माझ्या काट्याचं आयुष्य तिथंच संपलं असतं.

आणि हे उभ्या गाडीचं. माझा भाचा कॅनडात क्युबेकला आहे, मेकॅनिकल शिकलेला. त्याला फोनवर सांगितलं तर त्याने तिकडून हिशेब करून पाठवला. दहा फुटांना एक फूट चढ असेल तर दहाएक किलो पुढच्या चाकावरून मागे सरकतात. त्यात मूठ पिळली की आणखी दहा-पंधरा. "मामा, म्हणजे मोर्लेच्या चढाला तुमच्या पुढच्या चाकावर तीस किलो उरत होते. तीस किलोंवर तुम्ही चिखलात वळत होता." शिवाय गठ्ठा जेवढा उंच तेवढं हे सरकणं जास्त. माझे तर खांद्याएवढे.

त्याने आणखी एक सांगितलं, ते मला फार आवडलं. तिकडे बर्फावर चालणारी स्नोमोबाईल असते. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, आणि इंजिनाची ताकद पट्ट्यापर्यंत नेणारा बेल्ट आपल्या स्कूटरसारखाच. क्युबेकमधल्याच व्हालकूरच्या बोंबार्डिये यांनी १९५९ साली 'स्की-डू' बाजारात आणली. त्या गाडीवर मागे जास्त सामान लादलं किंवा बसणारा मागे सरकला की मूठ पिळताना नाक वर येतं. पट्टा बर्फ चांगला पकडतो, गाडी जोरात सुटते, पण वळत नाही, कारण वळवणाऱ्या स्की बर्फाला जेमतेम टेकलेल्या असतात. त्या गाडीच्या पट्ट्याच्या आत एक छोटी पट्टी असते. ती आवळली की स्कीवर भार वाढतो, वळण चांगलं मिळतं. सैल सोडली की स्की हलक्या होतात, उचल चांगली मिळते. दोन्ही एकदम मिळत नाही. २००३ च्या मॉडेलपासून स्की-डूने चालवणाऱ्यालाच पुढे आणून बसवला, त्यानंतर बाकीच्यांनीही तोच रस्ता धरला. मी म्हटलं, अरे, आमच्या मेस्ताने हे खडूने काढून दाखवलं. भाचा म्हणाला, मेस्ताचा फोटो पाठवा.

आता काम कसं केलं ते. मेस्ताने जुनी जाळी काढून फेकली. फेकली म्हणजे वजनावर ठेवून घेतली, भंगाराचे पैसे बिलातून वजा केले, हे विशेष. सीटच्या मागच्या अर्ध्या भागावर, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या जागी, चौकोनी पाइपची सपाट चौकट. तिला दोन्ही बाजूंनी खाली उतरणारे हात, त्यावर कॅनव्हासच्या पिशव्या अडकतात. पिशव्या साखळी बाजारातल्या शिंप्याने शिवल्या. आणि पायाकडच्या जागेत चार बोटं उंचीचा सळीचा कठडा, म्हणजे गठ्ठा पुढेमागे घसरत नाही आणि हँडलला अडत नाही. गाडीच्या मूळ सांगाड्याला त्याने एकही वेल्ड मारला नाही. मागचा धरायचा दांडा जिथं कसलेला असतो त्याच बोल्टवर चौकट बसवली, खाली दोन क्लॅम्प. "सांगाड्याक आग लायना," म्हणाला, म्हणजे सांगाड्याला आग लावत नाही. ते ऐकूनच मी निम्मे पैसे आगाऊ दिले.

पायाशी १६ किलो, मागे चौकट आणि पिशव्या मिळून २२. पुन्हा काटा, पुन्हा फळी, पुन्हा भिंतीला बोट. पुढच्या चाकावर ७३. तेच ३८ किलो, तीच गाडी, तोच मी. ५३ चे ७३ झाले. त्या रात्री मी बायकोलाही आकडा नीट समजावून सांगितला, ती "बरं" म्हणाली आणि झोपली.

चालवताना काय फरक? पहिल्याच रविवारी जाणवला. पर्येला भूमिकेच्या देवळाकडचा रस्ता धरताना हँडल हाताला लागलं. म्हणजे जड नाही झालं, पण चाक जमिनीवर आहे हे मुठीत कळत होतं. मोर्लेचं ते वळण मी अजून पंधरानेच घेतो, पण आता मूठ द्यायची वेळ आली की श्वास धरत नाही. पुढच्या ब्रेकलाही फरक. पूर्वी पुढचा ब्रेक ओल्यावर दाबायची हिंमत नव्हती, चाक लगेच सटकेल असं वाटायचं.

पिकअप वाढला का, हे मला विचारतात. नाही वाढला. ३८ किलो ते ३८ किलोच, इंजिन तेवढंच ओढणार. मागे ठेवा नाहीतर पुढे. फक्त पूर्वी मी भीतीने मूठ अर्धीच द्यायचो, आता पूर्ण देतो, म्हणून केरीला पाच-सात मिनिटं आधी पोचतो. कोणी तुम्हाला सांगेल की वजन मध्ये घेतलं की गाडी पळते, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

उलट एका ठिकाणी तोटाच झाला, आणि तो मेस्ताने आधी सांगितला नव्हता. घोटेलीत दोन घरं अशी आहेत की शेवटचा शंभर पावलांचा रस्ता कच्चा, पावसात शेवाळ आणि चिखल. पूर्वी मागे दीडशे किलो दाबून बसलेले असायचे, चाक कुरकुरत का होईना वर जायचं. आता पहिल्याच पावसात मागचं चाक जागीच फिरलं. ढकलणारं चाक मागचं, त्याच्यावरचं वजन कमी झालं, पकड कमी झाली. भाच्याची स्नोमोबाईल आठवली. आता त्या दोन घरांसाठी मी गाडी खालीच लावतो आणि चालत जातो. त्यातल्या एका घरची आजी मला म्हणाली, "बरं झालं, पूर्वी तुझ्या गाडीच्या आवाजाने कुत्रा भुंकायचा." तोटा कोणाचा हे मग मी मोजणं सोडलं.

एक गोष्ट मात्र मेस्ताने सांगितली नाही आणि मी स्वतः शोधून काढली. माझं ओझं वाटेत कमी होत जातं. दूधवाल्याचंही होतं, पण त्याचा कॅन एकच, आणि तो असतो तिथंच असतो. माझे गठ्ठे ठिकठिकाणी. पहिले चार दिवस मी सवयीने पायाकडचे अंक आधी वाटले, कारण हाताशी. परिणाम असा की सपाट साखळीत गाडी झकास चालायची आणि चढ सुरू होईपर्यंत पायाकडचे १६ किलो संपलेले, मागचे तसेच. म्हणजे जिथं पुढे वजन हवं तिथं ते नाही. आता पहाटे ट्यूबलाइटखाली गठ्ठे लावतानाच उलटं लावतो. साखळीची दुकानं, कारापूर-तिस्क, पर्ये, यांचे अंक मागच्या चौकटीवर आणि पिशव्यांत. केरी आणि घोटेलीचे पायाशी. मोर्ले मागच्या पिशवीत तळाला. अंजुण्याच्या धरणाकडे, चोर्ल्याच्या घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत मागे जवळजवळ काही नसतं आणि पुढचं चाक अजून शहाणं असतं. लावायला दहा मिनिटं जास्त जातात. माझ्या पुढे रोज एक पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर निघतो, त्याची मागची पाटी माझ्या जुन्या गठ्ठ्यांपेक्षा मोठी. एकदा उचलून बघितली. पाव तो, किती असणार वजन. आकार बघून घाबरायचं नाही हे मी तेव्हा शिकलो.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक वाचून कोणी विश्वास ठेवत नाही.

मेस्त वेळ पाळत नाही. शुक्रवारी देतो म्हणाला आणि अकरा दिवसांनी दिलं. त्या अकरा दिवसांत मी मेव्हण्याच्या गाडीवर दोन खेपा करून पेपर टाकले, आणि मेव्हणा ते अजून विसरलेला नाही. फोन उचलतो, पण फोनवर जे सांगतो ते त्याला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. जाऊन समोर उभं राहायचं, हाच उपाय.

रंगकामात तो कमी पडतो. लाल प्रायमर मारला, वर काळा रंग, पण वेल्डच्या सांध्यांवर नीट घासलं नव्हतं. जूनमध्ये दिलं, ऑगस्टमध्ये सांध्यांना तांबूस डोळे आले. सत्तरीच्या पावसात लोखंड असंच वागतं हे कबूल, तरी त्याला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं. दाखवलं तर म्हणाला, आण, फुकट मारून देतो. अजून वेळ मिळालेला नाही, त्याला आणि मला.

चौकट सीटवरच असल्यामुळे सीट उघडत नाही. रेनकोट, कागदपत्रं, पान्हा, सगळं पुढच्या हुकाला पिशवीत लटकतं. बिजागरी लावता आली असती. मी सुचवलं तेव्हा तो म्हणाला की बिजागरी खडखडते. खडखडू दे की. पेट्रोलचं झाकण मात्र मोकळं राहिलं, ते जुन्या जाळीखाली यायचं आणि पंपावर गठ्ठे उतरवायला लागायचे. ते संकट गेलं.

पायाशी गठ्ठा असल्याने टाचा कडेला ठेवाव्या लागतात. माझी उंची पाच फूट चार, मला चालतं. उंच माणसाचे गुडघे हँडलला लागतील, त्याने आधी रिकामं खोकं ठेवून बसून बघावं. आणि पिशव्यांचं एक: माझा हात डावीकडेच जातो, डावी पिशवी आधी रिकामी होते आणि गाडी उजवीकडे ओढते. हा दोष मेस्ताचा नाही, माझ्या हाताचा आहे. आता पर्येच्या देवळाकडे थांबून उजवीकडचे चार-पाच अंक डावीकडे टाकतो.

मागे कोणी बसू शकत नाही हे उघडच आहे. चार नट, बारा नंबरचा पान्हा, दहा मिनिटांत चौकट निघते. पण निघते म्हणून कोणी रोज काढत नाही. रविवारी हरवळ्याला रुद्रेश्वराच्या दर्शनाला जायचं म्हटलं की घरात विषय निघतो. एकदा बायको रिक्षाने गेली आणि मी मागून स्कूटरवर. मेव्हणा अजून हसतो.

पैशांचं म्हणाल तर चौकट, कठडा आणि क्लॅम्प मिळून मला २,८०० पडले, जुन्या जाळीचे वजा जाऊन. पिशव्या वेगळ्या. तयार जाळी याच्या निम्म्याला मिळते. पण त्या ४६ अंकांचे, दोन टायरचे आणि न झिजलेल्या बेअरिंगचे पैसे मी यात धरलेले नाहीत.

जाणार असाल तर दोन गोष्टी करा. नुसती गाडी घेऊन जाऊ नका, रोज जे ओझं नेता तेवढंच ओझं बांधून न्या. रिकामी गाडी दाखवली तर तो उद्या ये म्हणेल. दुधाचे कॅन असतील तर पाणी भरून न्या, एकाला त्याने रिकामे कॅन बघून परत पाठवलं आहे. मागच्या टायरला पुस्तिकेत दोन माणसांसाठी दिली आहे तेवढी हवा भरूनच जा, नाहीतर आधी हवेवरूनच बोलणी खाल.

आणि चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस जाऊ नका. तेव्हा तो माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात त्या, लोखंडी चौकटी करत असतो, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मी गेलो होतो रंगाचं विचारायला. मला चहा दिला, एका चौकटीचं दुसरं टोक धरायला लावलं आणि पाऊण तासाने घरी पाठवलं.